डब्यावरील रंग काय सांगतो?

झरी जामणीच्या कापसाच्या शिवारात मराठीबरोबर कोलामी, गोंडी आणि तेलुगूही कानी पडते. येथे कीटकनाशकाच्या डब्यावरील बारीक मजकूर वाचणार कोण? यास्तव कीटकनाशक नियम, १९७१ अन्वये डब्यावर शंकरपाळ्याच्या आकाराचा चौकोन छापतात. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातील रंग विषाची तीव्रता दाखवितो : तांबडा अत्यंत विषारी, पिवळा अतिविषारी, निळा मध्यम, हिरवा किंचित विषारी. तांबड्याच्या वर कवटी व हाडांचे चित्रही असते.

योजना सुबोध खरी. तथापि तिच्यात एक उणीव आहे. हिरवा रंग आपल्या मनात पिकाचा, निर्धास्तपणाचा! येथे मात्र तोही विषाचाच. तसेच तांबडे औषध किडीवर अधिक गुणकारी, हाही समज चुकीचा. रंग माणसाला असलेला धोका सांगतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सभेत डबा दाखवून प्रथम विचारावे, "हा हिरवा रंग काय सांगतो?" उत्तर पुरते ऐकावे, मगच समजावून द्यावे. फवारणाऱ्या मजुराच्या हाती पुष्कळदा कालविलेले औषधच येते, डबा त्याच्या दृष्टीस पडतच नाही. मालकाने तो त्यास आधी दाखवावा.