हाउसिंग उघडण्याआधी : पिकअपच्या आवाजातून शिकू या गृहीतक तपासायला

पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "गृहीतक तपासायचं म्हणजे नेमकं करायचं काय?" व्याख्या पाठ असते, पण ती वापरायची कुठे ते कळत नाही. आज त्यासाठी प्रयोगशाळेत जायची गरज नाही. चाकूरच्या रस्त्यावर रोज दिसणारी पिकअप पुरेशी आहे.

समजा, सोयाबीनच्या हंगामात चाकूरहून लातूरच्या मार्केट यार्डात माल नेणारी एक बोलेरो पिकअप आहे. ताशी ६० च्या आसपास गेली की मागून घूंऽऽ असा आवाज येतो आणि सीटखाली थरथर जाणवते. गाडीमालकाला पहिला सल्ला मिळतो, "क्राऊन-पिनियन गेलं, हाउसिंग उघडा." कदाचित खरंही असेल. पण क्राऊन-पिनियन जोडीनेच बदलावं लागतं, शिम टाकून दात नीट बसवावे लागतात, तोवर गाडी उभी आणि ऐन हंगामातलं भाडं बुडालं. एवढं करूनही आवाज तसाच राहिला तर?

म्हणून आधी संशयितांची यादी करा. गिअरबॉक्समधून निघालेला लांब शाफ्ट मागच्या ॲक्सलमधल्या छोट्या पिनियनला फिरवतो, पिनियन मोठ्या क्राऊनला आणि क्राऊन चाकांना. म्हणजे संशयित पाच : इंजिन-गिअरबॉक्स, शाफ्ट आणि त्याचे क्रॉस, क्राऊन-पिनियन, चाकाचं बेअरिंग आणि टायर. आवाज मागून ऐकू आला म्हणून तो मागेच तयार झाला असं समजू नका. लोखंडी चेसिसमधून तो लांबवर जातो.

आता प्रत्येक चाचणीआधी लिहून ठेवा की कोणता संशयित दोषी असेल तर काय दिसेल. ही सवय म्हणजेच अर्धं संशोधन.

चाचणी पहिली. मोकळ्या सरळ रस्त्यावर, इंजिन चालू ठेवूनच, गाडी क्षणभर न्यूट्रल करा. आवाज तसाच राहिला तर इंजिन सुटलं. शाफ्ट मात्र सुटत नाही, कारण न्यूट्रलमध्येही चाकं त्याला फिरवत असतात.

चाचणी दुसरी. वेग साधारण तोच ठेवून ॲक्सिलरेटर द्या, मग सोडा. दिल्यावर दातांची एक बाजू भार घेते, सोडल्यावर दुसरी. आवाज यात ठळकपणे बदलला तर संशय क्राऊन-पिनियनवर किंवा पिनियनच्या बेअरिंगवर जातो. टायरला याचं फारसं सोयरसुतक नसतं. तो बदलतो रस्त्याप्रमाणे, म्हणजे डांबरावर वेगळा आणि सिमेंटवर वेगळा.

चाचणी तिसरी. गाडी रिकामी चालवा, मग भरून. समजा थरथर फक्त भरल्यावर येते. मालाने पाटे दबतात, शाफ्ट आणि पिनियन यांच्यातला कोन बदलतो, म्हणून क्रॉसवर संशय. पण घाई नको! वजनाने चाकाच्या बेअरिंगवरचा आणि टायरवरचा दाबही वाढतो. एकाच निरीक्षणाची तीन स्पष्टीकरणं झाली. तुमच्या प्रबंधातही हाच पेच येणार आहे. अशा वेळी तेच निरीक्षण दहा वेळा घेऊन उपयोग नाही, वेगळ्या प्रकारचा पुरावा लागतो.

तो पुरावा म्हणजे वारंवारता. २१५/७५ आर १५ टायरचा घेर साधारण २.२ मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाकाच्या सेकंदाला सुमारे ७.५ फेऱ्या. समजा क्राऊनला ४१ आणि पिनियनला १० दात आहेत. मग शाफ्ट चाकाच्या ४.१ पट फिरेल. हिशोब असा :

चाक किंवा टायरचा तोल गेला : ७.५ हर्ट्झ
शाफ्टचा तोल गेला : ३१ हर्ट्झ
क्रॉसचा कोन बिघडला (फेरीला दोन धक्के) : ६२ हर्ट्झ
दातांचा आवाज : ३१० हर्ट्झच्या आसपास

७.५ हर्ट्झ कानाला ऐकू येत नाही, अंगाला हेलकावा जाणवतो. ३१० स्पष्ट सुरासारखं घुमतं. बेअरिंगची वारंवारता त्यातल्या रोलर्सवर अवलंबून असते आणि सहसा फेऱ्यांच्या पूर्ण पटीत बसत नाही.

मोजायला मोबाईल चालतो. जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स हे ॲप मोफत आहे. फोन सीटच्या चौकटीला घट्ट बांधा. मोजणारा एक, चालवणारा दुसरा.

आता गंमत बघा. फोनचा कंपनमापक सेकंदाला १०० नमुने घेत असेल तर ५० हर्ट्झच्या वरचं त्याला खरं दिसत नाही. ६२ चं कंपन ३८ वर दिसू शकतं आणि तुम्ही निष्पाप शाफ्टला दोषी ठरवाल. ओळखायचं कसं? वेग थोडा कमी करा. खरं शिखर खाली सरकेल. ते उलट वर सरकलं तर खोटं आहे. म्हणजे उपकरणालाही संशयितांच्या यादीत धरायचं.

हे झाल्यावर स्वस्त तपासण्या आधी : टायरची हवा आणि झीज, हाउसिंगमधलं ऑइल, क्रॉसमधला ढिलेपणा, सैल झालेले यू-बोल्ट. ऑइलमध्ये करडा बारीक गाळ नेहमीचाच. हाताला लागणारे लोखंडाचे तुकडे दिसले तर मात्र हाउसिंग उघडायला कारण मिळालं. चाक उचलायचं तर पुढच्या चाकांना अटकण लावा आणि गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको. हाताने हलवल्यावर चाक डगमगलं तर भाडं बाजूला ठेवा. बेअरिंग पूर्ण गेलं तर धावत्या गाडीचं चाक निसटू शकतं.

शेवटी, एका वेळी एकच भाग बदला आणि त्याच रस्त्यावर, तेवढाच माल भरून, त्याच वेगाने पुन्हा मोजा. तीन भाग एकदम बदलून आवाज गेला तर गाडी दुरुस्त झाली, पण कारण कळलं नाही. गाडीमालकाचे दोन भागांचे पैसे कदाचित उगाच गेले. आणि मुलाखतीत "हे कशावरून?" असं विचारलं, तर तुमच्याकडेही उत्तर नसेल.