करवीरनगरी

सह्याद्रीच्या पूर्व पायथ्याकडे, पंचगंगेच्या तीरी कोल्हापूर वसले आहे. करवीर हे त्याचे जुने नाव. अंबाबाईच्या मंदिरामुळे त्याची ख्याती पूर्वीपासूनच होती. विद्यानगरी मात्र ते पुढे झाले. खेड्यातील गरीब मुलास शहरात राहावयास जागा नाही, मग तो शिकणार कोठून? हे ओळखून छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ सालापासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढविली. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होई, आणि त्या काळी रुपया काही थोडा नव्हे! १९६२ साली येथे शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. २००४ साली सोलापुरास स्वतंत्र विद्यापीठ मिळेपर्यंत आपल्या नातेपुत्याकडील मुलांच्या पदव्यांवरही याच विद्यापीठाची मुद्रा असे.