शाळा सरकारची की गावाची?

गावची शाळा नीट चालत नाही असे कोणी म्हटले की उत्तर ठरलेले असते: मास्तर लक्ष देत नाहीत आणि सरकार पैसा देत नाही. या तक्रारींत तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु या दाव्यात तिसरा एक पक्षकार आहे व तो तारखेस कधीच हजर राहत नाही. तो पक्षकार म्हणजे खुद्द गाव. आज आम्ही त्याच्याच नावे समन्स काढीत आहोत.

१ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली. टिळक व नामजोशी त्यांस मिळाले, आगरकर मागाहून आले. १८८२ साली शास्त्रीबुवा वारले, १८९० साली मतभेदामुळे टिळक बाहेर पडले. तरी शाळा टिकली. कारण १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापून शाळेचा भार व्यक्तींच्या खांद्यावरून संस्थेच्या खांद्यावर दिला गेला होता.

पुणे हे विद्वानांचे शहर, तेथील गोष्ट निराळी, असे कोणी म्हणेल. त्याने पार्ल्याकडे पाहावे. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजी निवर्तले. पुढच्याच वर्षी जून महिन्यात पार्लेकरांनी त्यांच्या स्मरणार्थ पार्ले टिळक विद्यालय काढले. पार्ले तेव्हा मुंबई शहराबाहेरचे उपनगर होते. शहराची हद्द तेथवर पोहोचली ती १९५० साली. पुतळा उभारूनही त्यांस मोकळे होता आले असते. त्यांनी शाळा उभारली. पु. ल. देशपांडे याच शाळेचे विद्यार्थी. शाळेमागील संस्थेने १९५९ साली महाविद्यालयही काढले, आणि शाळा आज शंभरी ओलांडून चालू आहे.

आता कायदा पाहू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी व जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि एकंदरीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. अनुदान कसे खर्च होते हे पाहणे त्या समितीचे कामच आहे. मात्र या अधिनियमाचा हक्क सहा ते चौदा वर्षांचा, म्हणजे आठवीपुरता. गरिबाचे मूल जेथे गळण्याचा धोका मोठा, ते नववी-दहावीचे वर्ग या छत्राबाहेर राहतात. तेथे कायदा थांबतो व गावाचे कर्तव्य सुरू होते.

अरुणावतीकाठचे आमचे आर्णी हे तालुक्याचे ठिकाण, नागपूर-तुळजापूर हमरस्त्यावरची पेठ. बाबा कंबलपोशांच्या यात्रेस येथे सर्व धर्मांचे लोक लोटतात. खेड्यांवरची व तांड्यांवरची मुले येथे शिकावयास येतात. मुलींस एसटीचा पास फुकट आहे; पण गाडी शाळेच्या वेळेस येते की नाही, हे विचारावयास गावचे चार प्रतिष्ठित आगारात कधी गेले आहेत काय? कापूस वेचणीच्या दिवसांत कोणत्या बाकावरची मुलगी दिसेनाशी झाली, याची चौकशी कोणी केली काय? ज्या अडत्याकडे तिच्या बापाचा माल येतो, त्याच्या एका शब्दाने ती पुन्हा वर्गात बसू शकेल. आणि त्या शब्दास दमडीही पडत नाही.

आम्ही स्वतःस निर्दोष म्हणवीत नाही. आमच्यासारख्या वकील-व्यापाऱ्यांनी आपली मुले यवतमाळ-नागपुरास धाडली आणि त्याच दिवशी गावच्या शाळेवरचा आपला डोळा काढून घेतला. ज्याचे मूल शाळेत नाही, त्यास शाळेची गळती दिसत नाही. हे मनुष्यस्वभावास धरून असले तरी न्यायास धरून नाही.

आमच्या सूचना तीन. पालकांनी समितीच्या सभेस जावे व आपली खातेवही तपासावी तसा तेथील हिशेब तपासावा. पेठेतील प्रत्येक दुकानाने नववीतील एका मुलाची वह्या-पुस्तके व परीक्षेची फी दहावी होईपर्यंत आपल्याकडे घ्यावी. आणि महिन्यातील एका शनिवारी वकील, डॉक्टर, जिनिंगमधील मिस्त्री यांनी हायस्कुलात जाऊन आपापला धंदा मुलांस समजावून सांगावा. पहिला शनिवार आम्ही आमच्या अंगावर घेतो. दुसरा कोण घेतो, ते पेठेने सांगावे.