पेनड्राइव्ह गप्प का बसतो?

वाशीमकडच्या रस्त्यांवरून सोयाबीनची ट्रॉली ओढत जाणारा ट्रॅक्टर असो, लग्नाचा मांडव असो की गणपतीचा मंडप, गाणी वाजतात ती बहुधा पेनड्राइव्हवरून. कॅसेट अडकली की पेन्सिल घालून फीत गुंडाळता यायची. इथे फिरवायला काहीच नाही! मग पडद्यावर ‘नो फाइल’ आले की माणूस पेनड्राइव्ह दोनदा काढतो, घालतो, फुंकर मारतो आणि ‘खराब झाला’ म्हणून मोकळा होतो. पण मंडळी, पुष्कळदा तो चांगला असतो.

पहिला संशय घ्यावा तो त्याच्या मांडणीचा. पेनड्राइव्ह ही वही समजा. तिची अनुक्रमणिका लिहिण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत: फॅट-३२, एक्सफॅट आणि एनटीएफएस. बऱ्याच जुन्या आणि स्वस्त सिस्टीमना पहिलीच तेवढी वाचता येते. ६४ जीबीचे पेनड्राइव्ह मात्र अनेकदा एक्सफॅटमध्ये येतात. संगणकाला तिन्ही समजतात, म्हणून गाणे घरी वाजते आणि ट्रॅक्टरवर वाजत नाही. गाण्यांसाठी १६ जीबी पुरे. १२८ केबीपीएसचे पाच मिनिटांचे एमपी३ गाणे साधारण ५ एमबीचे. म्हणजे तीन हजारांवर गाणी झाली. एवढी ऐकतो कोण?

उपाय सोपा, संगणकावर फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करणे. पण फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. आजोबांचे भजन, तांड्यावरच्या होळीतली लेंगी, हे दुकानात विकत मिळत नाही. कित्येक घरांत ते कॅसेटवरून उतरवून घेतले आणि कॅसेटी टाकून दिल्या. म्हणून आधी सगळे संगणकावर उतरवा, दोन-चार फाइली वाजवून पाहा, मगच पुसा. संगणकानेच ‘उघडत नाही, फॉरमॅट करू का?’ असे विचारले, तर ‘नाही’ म्हणा. त्यावर नवे काही भरू नका. जाणकाराकडे न्या, आतले बरेचदा परत मिळते.

पेनड्राइव्ह वाचला जातो, पण एखादेच गाणे वगळले जाते, तेव्हा दोष फाइलीच्या प्रकाराचा. एमपी३ जवळजवळ सर्वत्र चालते. मोबाइलवरचे रेकॉर्डिंग पुष्कळदा एम४ए असते, व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवाजी निरोप ओपस असतो. नावापुढची अक्षरे बदलून एमपी३ लिहिले म्हणजे ते एमपी३ होत नाही. रूपांतर करावेच लागते.

आरत्यांचा क्रम चुकण्याची तक्रारही नेहमीची. काही सिस्टीम नावाकडे बघतच नाहीत, ज्या क्रमाने फाइली भरल्या त्याच क्रमाने वाजवतात. त्यामुळे ०१, ०२ असे आकडे द्या आणि फाइली एकेक करून त्याच क्रमाने भरा.

आणि हो, गाडीत दोन यूएसबी खाचा असतील तर एक नुसती चार्जिंगची असू शकते. तिच्यात काहीही लावले तरी गाणे वाजणार नाही.