फाशांच्या खेळाला संगणकाची शिकवणी

बॅकगॅमनमध्ये चुकीची चाल करूनही डाव जिंकता येतो आणि अचूक खेळूनही हरता येतो. फासेच तसे पडतात. त्यामुळे नुसत्या हार-जितीवरून आपलं नेमकं काय चुकलं हे कळत नाही. संगणकाची खरी मदत होते ती इथे.

१९९२ मध्ये आयबीएमचे संशोधक जेराल्ड टेसॉरो यांनी ‘टीडी-गॅमन’ तयार केला. हा प्रोग्रॅम स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकला आणि त्याने मुरलेल्या खेळाडूंची एक जुनी सवय मोडली. सुरुवातीलाच २-१ पडलं, की एक सोंगटी सहाव्या घरातून पाचव्यात एकटी आणून ठेवायची, अशी रीत होती. तिथे ती मारली जाण्याची शक्यता ३६ पैकी १५! त्यापेक्षा मागच्या दोन सोंगट्यांपैकी एकीला एक घर पुढे सरकवावं, असा प्रोग्रॅमचा कौल होता. स्पर्धांमधले खेळाडूही पुढे तसंच खेळू लागले.

आज ‘ग्नू बॅकगॅमन’ हे मोफत सॉफ्टवेअर खेळलेल्या डावातली प्रत्येक चाल तपासतं, चूक किती महागात पडली ते आकड्यात सांगतं आणि नशिबाचा वाटा वेगळा काढून दाखवतं. शंका उरलीच, तर तीच स्थिती ते शेकडो वेळा पुढे खेळून सरासरी काढतं. माझं आग्रहाचं सांगणं एवढंच: आपली चाल आधी ठरवा, ती का हेही मनाशी पक्कं करा आणि मगच पडद्यावरचं उत्तर उघडा.