किल्लेकोट राहिला अन् डाव गेला! काय आहे 'ई-४, ई-५'ची सुरुवात?

अमरावतीचा ग्रँडमास्टर स्वप्नील धोपाडे, २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकणारी नागपूरची दिव्या देशमुख... विदर्भात बुद्धिबळाची चर्चा आता घराघरांत आहे. अकोल्यातल्या एखाद्या शालेय स्पर्धेत मुलांना घेऊन गेलात, तर 'ई-४, ई-५' हे शब्द हमखास कानावर पडतील.

म्हणजे नेमके काय?

दोघांनीही राजापुढचे प्यादे पहिल्याच चालीत दोन घरे पुढे टाकायचे. मग घोडे बाहेर. पांढऱ्याचा उंट सी-४ वर आला की 'इटालियन', बी-५ वर गेला की 'रुय लोपेझ'. आजोबांच्या देशी डावात प्यादे साधारणपणे एकेकच घर सरके आणि किल्लेकोटही नसे. राजा एकदाच घोड्यासारखी उडी घेई. ई-४ मुळे खेळ वेगवान होतो, पण राजासमोरची पट्टी लवकर उघडते.

मग धोका कुठे?

इंग्लंडमधील हेस्टिंग्ज स्पर्धा, १८९५. आदल्याच वर्षी जगज्जेतेपद गमावलेले ५९ वर्षांचे विल्हेल्म स्टाइनिट्झ विरुद्ध जर्मनीचा कुर्ट फॉन बार्डेलेबेन. सुरुवात इटालियन. स्टाइनिट्झने नवव्या चालीला किल्लेकोट केला. बार्डेलेबेनचा राहूनच गेला. १४व्या चालीला पांढरा हत्ती ई-१ वर आला आणि काळ्याचा घोडा राजासमोर ई-७ वर जखडला. आता किल्लेकोट करावा, तर घोडा फुकट जातो! (मूल वीस-बावीस चालींत हरून आले, तर ओरडण्याआधी त्याची स्कोअरशीट बघा. किल्लेकोट कितव्या चालीला केला?)

१७व्या चालीला स्टाइनिट्झने एक प्यादे चक्क देऊन टाकले, केवळ घोड्याला डी-४ चे घर मिळावे म्हणून. दोनच चालींत तो घोडा ई-६ वर, काळ्याच्या छाताडावर! २२व्या चालीला हत्तीने ई-७ वरचा घोडा मारून शह दिला. तो हत्ती राजाने मारला तर उघड्यावर हल्ला, वजिराने मारला तर सी-८ वरचा हत्ती जातो. गंमत म्हणजे इथून स्टाइनिट्झची एक चालही शहाविना गेली असती, तर सी-१ वर त्याच्यावरच मात होती. म्हणून तो हत्ती शहामागून शह देत राहिला.

२५व्या चालीनंतर बार्डेलेबेन हार न मानताच सभागृहातून निघून गेला. त्याचे घड्याळ चालूच राहिले. स्टाइनिट्झने मग उरलेला डाव जमलेल्यांना मांडून दाखवला: मात ३५व्या चालीला.