वीज आणि संदेशाची तार

वळवाच्या दिवसांत बेलापुरास प्रवरेकांठीं वीज कडाडली, कीं घरांतील वडील मंडळी इंटरनेटच्या पेटीच्या तारा काढावयास सांगतात, आणि तें योग्यच होय. दूर पडलेली वीजही तांब्याच्या लांब तारेंत क्षणभर मोठा दाब उत्पन्न करिते. सेकंदास कोट्यवधि संकेत नेणाऱ्या तारेवर विद्युत्‌धारिता अधिक असलेला रक्षक बसविल्यास संकेतच विकृत होतात. यास्तव तेथें डायोडांची रांग योजितात. तिची धारिता एखाद्या पिकोफॅरडइतकीच असल्यानें ती एरवीं अलिप्त राहते. दाब वाढतांच मात्र जादा प्रवाह जमिनीकडे वळविते. परंतु अर्थिंगच सदोष असल्यास हा पहारेकरी काय करील? प्रत्यक्ष विजेपुढें तर तो टिकतच नाहीं. यासाठीं पावसाळ्यापूर्वीं अर्थिंग तपासून घ्यावें आणि गडगडाट होतांच तारा काढाव्या, अशी आमची वाचकांस विनंति आहे.